उशाशी श्वास

आमचे अप्पा बेलूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. पुढं मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. हातातल्या मुंग्या गेल्या, घोरणं मात्र वाढलं. ‘छलो निद्दी!’ शेजारच्या अक्का म्हणाल्या, आईही सुखावली.

एका रात्री घोरणं मध्येच थांबलं. मी मोजू लागलो. वीस, पंचवीस... मग घुसमटून श्वास!

डॉक्टरांनी समजावलं : गळ्याच्या बाजूनं शस्त्रक्रिया झाली की आत सूज येऊन श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. झोपेत १० सेकंद वा अधिक श्वास थांबणं म्हणजे ‘अ‍ॅप्निया’. तासाला ३० वेळा झालं तर तीव्र. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेला सीपॅपचा उपाय आता अप्पांच्या उशाशी असतो.

वाचकहो, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घरच्या माणसासाठी एक रात्र जागून ऐका. आमची आई आता त्या यंत्राची घरघर ऐकल्यावरच डोळा मिटते.