पाठीचं माप

ट्रेकला निघालेली माणसं एसटी स्टँडवर भेटली की आधी एकमेकांच्या सॅककडे बघतात. कुणाची केवढी, कुणाच्या बाहेर काय काय लटकतंय, कुणाचा मग पावलागणिक वाजणार. तेवढ्यावरून पुढचा दिवस कसा जाणार याचा अंदाज येतो. बुटांच्या बरोबरीनं ट्रेक सुखाचा करणारी वस्तू सॅकच, यावर आता माझं मत पक्कं झालंय. आणि ती घेताना आपण सगळ्यात आधी ‘किती लिटरची?’ असं विचारतो, तो प्रश्न खरं तर दुसरा असायला हवा.

माझ्या पाठीवर आलेली पहिली सॅक बाबांची. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली लष्करी हॅवरसॅक. जाड खाकी कॅनव्हास, पितळी बकलं, आणि अरुंद पट्टे, ज्यांत स्पंजचा मागमूस नाही. पावसात भिजली की कॅनव्हास पाणी पिऊन फुगायचा, आणि रिकामी सॅकही जड लागायची. तिला कंबरपट्टा नव्हता, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर. घरी आल्यावर आई खोबरेल तेल चोळायला बसली की पट्ट्याच्या विणीची नक्षी कातडीवर जशीच्या तशी उमटलेली दिसायची. बाबा मात्र प्रत्येक ट्रेकनंतर ती सॅक उलटी करून झटकत, सावलीत वाळवत आणि बकलांना तेलाचं बोट लावत. वस्तू सांभाळायची शिस्त मला तिथून लागली.

कॉलेजात ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडून नायलॉनची सॅक शिवून घेतली. मागे अॅल्युमिनियमच्या नळीची चौकट. ते दिवस कॉमन सामानाचे होते. तांदूळ, डाळ, कांदेबटाटे, सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी शिजवणारं पातेलं, हे सगळं वाटून घ्यायचं. पातेलं बहुधा माझ्याकडे यायचं, आणि ते सॅकच्या बाहेरच बांधावं लागायचं. राजगडाच्या चोरदरवाज्यात त्याचा अर्थ कळला. गुंजवण्याकडून चढून येताना शेवटी रेलिंगला धरून कातळ चढायचा आणि वाकून त्या लहानशा दारातून आत शिरायचं. मी वाकले तरी पातेलं वाकेना. ते चौकटीच्या दगडाला घासत होतं आणि मागे लोंबणारं वजन मला दरीकडे ओढत होतं. वरून कुणीतरी सॅकचा वरचा बंद धरून ओढला, तेव्हा कुठे पद्मावती माचीवर पाय टेकला. बाहेर लटकवलेली प्रत्येक वस्तू आपला तोल बिघडवते, हे तेव्हापासून अंगात मुरलं. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी सॅका दोराने वेगळ्या वर घेतात, त्याचंही कारण हेच.

गडाखालच्या वाड्यावस्त्यांमधल्या बायका लाकडाची मोळी घेऊन उतरताना मी पुष्कळदा बघितल्या आहेत. डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी, आणि मान, पाठ, कंबर एका रेषेत. आमच्यासारखं पुढे झुकून, दर वळणावर पट्टे सावरत चालणं नाही. वजन सरळ मणक्यातून कंबरेत आणि तिथून पायांत. मोठे स्नायू पायांत आहेत. खांदे त्या मानानं दुबळे. डोक्यावर वजन पेलायला लहानपणापासूनची सवय लागते, ती आपल्याला नाही. मग वजन कंबरेपर्यंत पोचवायचं कसं?

कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ साली घरगुती पातळीवर सॅका बनवायला सुरुवात केली, ती याच खटपटीतून. डोंगरात चालताना चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली आणि खांदे एकदम हलके झाले, अशी त्यामागची हकिगत सांगतात. तिथून कंबरपट्टा रूढ झाला. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत त्यांच्या सॅका होत्या. पुढे १९६७ च्या सुमारास ग्रेग लो यांनी चौकट सॅकच्या पोटातच घातली, आणि सॅक पाठीला चिकटून राहू लागली. आपल्या कातळकड्यांवर आणि घसाऱ्यावर ज्याला तोल सांभाळायचाय, त्यानं या माणसाचे आभारच मानायला हवेत.

मला कंबरपट्ट्याची खरी सॅक मिळाली ती हिमालयात पहिल्यांदा जाताना. दुकानातल्या बाईंनी लिटर विचारले नाहीत. ‘मान खाली घाला’ म्हणाल्या. मान वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं; तिथे त्यांनी टेपचं टोक धरलं. मग मला दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर ठेवायला लावले, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप आली. हे पाठीचं माप. सॅक घ्यायची ती या मापाची, उंचीच्या नव्हे. माझ्याबरोबर माझ्याहून वीतभर उंच मैत्रीण होती. तिची पाठ माझ्याएवढीच भरली, सगळी उंची पायांत. मग त्यांनी सॅकमध्ये वजन भरून माझ्या पाठीवर चढवली. आधी कंबरपट्टा, तोही पोटावर नाही, हाडांच्या कडेवर. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील इतपत. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ओढले आणि सॅक पाठीशी आली. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. मी दोन पावलं टाकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या खांद्यांवर आयुष्यभर तो कॅनव्हास होता, हे आठवलं.

बायकांच्या अंगाचा विचार करून शिवलेल्या सॅका आपल्याकडे सहज मिळू लागल्या त्या फार उशिरा. त्यांत पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि आत वळलेले, कंबरपट्टा तिरका. मुलींनी भावाची सॅक घेऊन जाणं आता बंद करावं. भावाची पाठ वेगळी आहे.

लिटरचं सांगायचं तर, दिवसभराच्या ट्रेकला वीस ते तीस, मुक्कामाला चाळीस-पन्नास, हिमालयात स्वतःचं सगळं वाहायचं तर साठ-सत्तर. याहून मोठी घेऊ नका. जागा असली की ती भरतेच. तिसरा टीशर्ट, दुसरी टॉर्च, ‘असू दे’ म्हणून फराळाचा डबा. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहायला हवी. स्लीपिंग बॅग तळाला; पाणी, शिधा, जड ते पाठीलगत, खांद्यांच्या पात्यांदरम्यान; हलकं ते बाहेरच्या अंगाला.

सह्याद्रीतला पाऊस सॅकची वेगळी परीक्षा घेतो. रेनकव्हर फक्त बाहेरची बाजू झाकतं. पाणी मानेवरून पाठीकडून उतरतं आणि आत शिरतं. वाऱ्यात कव्हर उडून जातं ते वेगळंच. म्हणून आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालायची, आणि सगळं सामान तिच्यात. हे स्वस्त आणि खात्रीचं. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र पाठ आणि सॅक यांच्यामध्ये हवा खेळू देणारी ताणलेली जाळी सुखाची; तिच्यात वजन पाठीपासून जरा लांब जातं, तेव्हा ती लहान सॅकलाच घ्यावी. आणि कृपा करून ओली सॅक माळ्यावर टाकू नका. दमट हवेत आतला लेप आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. चांगल्या सॅका चालून मरत नाहीत, माळ्यावर मरतात.

मुलगी लहान असताना माझ्या सॅकमध्ये तिचे कपडे, दुधाची बाटली, खेळणं असं कायकाय असे, आणि आम्ही खिरेश्वरच्या तळ्याकाठूनच परतायचो. आता त्याच वाटेवर वरच्या टोलार खिंडीत ती माझ्या पुढे असते. माझे गुडघे उतारावर बोलतात, म्हणून मी चाळीस लिटरवर आले, आणि पातेलं तिच्या सॅकमध्ये गेलं. आतमध्ये, बाहेर नाही.

सॅक घ्यायला निघालात तर दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या घरूनच न्या. त्या सॅकमध्ये टाका, पट्टे नीट बांधा आणि दुकानातच वीस मिनिटं फिरा. जिना असेल तर चढा, उतरा. खांदे भरून आले तर ती सॅक तुमची नाही. रंग कितीही आवडला तरी परत ठेवा.