तेलाला वारा

माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. पोलिओची कृपा! त्यामुळे क्लच नावाची वस्तू माझ्या नशिबात नव्हती. बरोबरीच्या मैत्रिणी स्कूटरवरून मोटारीवर गेल्या, मी मात्र जन्मभर कुणाच्या तरी शेजारच्या सीटवर. 'अहो, जरा सिव्हिक सेंटरला सोडता का?' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला दोनच पेडल. डाव्या पायाला कामच नाही. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. पेट्रोल फार पिते म्हणाले, बिघडली तर भिलाईत हात कोण लावणार म्हणाले. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी हुडकोतल्या घरातून एकटी गाडी काढून बाजारात गेले आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आले. त्या मेथीचं कौतुक माझ्या घरात माझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही.

आमची लेक जगदलपूरला असते. भिलाईहून धमतरी, कांकेर करत सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत केशकालचा घाट. त्याची बारा वळणं बस्तरमध्ये प्रसिद्ध आहेत, आणि ट्रकांच्या रांगा त्याहून प्रसिद्ध. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये या घाटातल्या रांगेत आम्ही तासभर गोगलगायीसारखे सरकत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. हळूहळू काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. इंजिनाचा काटा मात्र जागच्या जागी! वर पोहोचलो तर गाडी गिअर टाकेना. 'डी'वर दांडी ओढली तरी क्षणभर विचार केल्यासारखी थांबायची आणि मग धक्का देऊन निघायची.

भिलाईला आल्यावर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या साहेबांनी दहा मिनिटांत निकाल दिला. गिअरबॉक्स गेला. नवा बसवायचा खर्च ऐकला आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. गाडी विकून जेवढे आले असते, जवळजवळ तेवढाच! "मॅडम, बेच दीजिए. ड्रायव्हर रख लीजिए," असा सल्लाही फुकट मिळाला.

लेकीचं पहिलं बाळंतपण यंदाच्या मे महिन्यात होतं. ह्यांना मोतीबिंदूमुळे लांबचं चालवणं डॉक्टरांनी बंद केलेलं. ड्रायव्हर ठेवता आला असता, बसने जाता आलं असतं, नाही असं नाही. पण एकदा हातात आलेली किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या हातात देणं माझ्या जिवावर आलं.

आता ह्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. माझे सासरे १९५८ साली नागपूरहून भिलाईला आले. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाबरोबर कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना इथे परदेशी आल्यासारखं वाटलं नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तो दिवस सासरे मरेपर्यंत सांगत. पुढे हेही त्याच कारखान्यात लागले आणि झोतभट्टीच्या पाण्याकडे तीस वर्षं राहिले. भट्टीत गरम हवा सोडणारी तांब्याची तोंडं असतात. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि त्या तोंडांसमोर धग असते दोन हजार अंशांच्या आसपास! तरी ती टिकतात, कारण त्यांच्या पोटातून सतत पाणी खेळवलेलं असतं. पाणी थांबलं की तांबं गेलंच. "आग सांभाळणारे पुष्कळ होते, मी गारवा सांभाळला," असं हे जेवताना हमखास म्हणतात. आम्हाला पाठ झालंय.

तेव्हा ह्यांनी गाडीला दुसराच प्रश्न विचारला. गिअरबॉक्स गेला हे ठीक, पण तापला कशाने?

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. टॉर्क कन्व्हर्टर. हे मला समजावताना ह्यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा आपोआप फिरायला लागला. गाडीत वाऱ्याऐवजी तेल. मोकळ्या रस्त्यावर दोन्ही पंखे एकमेकांत अडकून एका वेगाने फिरतात, तेव्हा तेलाला त्रास नाही. घाटात किंवा रांगेत मात्र एक जोरात, दुसरा हळू. मधल्यामध्ये तेल घुसळलं जातं आणि तापतं. तेच तेल पुढे गिअरच्या चकत्या दाबून धरतं, त्यांना वंगण देतं. ते करपलं की चकत्या निसटतात आणि निसटल्या की आणखी तापतात. तेल वीस अंश फॅरनहाइट जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला एक ठोकताळा आहे.

हे तेल थंड करायची सोय कंपनीने केलेली असते. तेलाची नळी रेडिएटरच्या टाकीतून फिरवून आणतात. पण रेडिएटरचं पाणी स्वतःच नव्वद अंशांच्या घरात! नव्वदच्या पाण्याने तेल नव्वदच्या खाली कसं यावं? आणि भिलाईच्या मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची हवासुद्धा त्या पाण्यापेक्षा निम्मीच तापलेली. "बाहेरची लू आपल्या तेलाला थंडीची झुळूक आहे," हे म्हणाले. उपाय तोच. रेडिएटरमधून निघालेलं तेल गिअरबॉक्समध्ये परतण्याआधी आणखी एका छोट्या जाळीतून, वाऱ्यात फिरवायचं. ओढगाड्या नेणाऱ्या मोटारींना परदेशात असे जादा कूलर सर्रास लावतात.

पण गिअरबॉक्स खरंच गेला असेल, तर कूलर लावून काय उपयोग? सुपेल्यातल्या एका लहान गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. पंचविशीतला मुलगा, बोलायला कमी. त्याने गिअरबॉक्सच्या तळाचा पत्रा उघडला. मी ओट्यावर बसून होते. तेल लालचुटुक असायला हवं, ते चहाच्या गाळासारखं निघालं. तळाला एक लोहचुंबक असतो. त्याच्यावर काय चिकटलंय, त्यावर माझी किल्ली अवलंबून होती. लोखंडाचे कण, कपचे निघाले तर खेळ खलास. मुलाने चुंबक बोटांनी पुसला आणि हात पुढे केला. काजळासारखी मऊ, करडी पेस्ट. कपचा एकही नाही. "आंटी, बॉक्स जिंदा है," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, चहात साखर किती?

कूलर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून पार्सलने आला. वहीएवढी अॅल्युमिनियमची जाळी, दोन तोंडं. मला वाटलं होतं, तासाभराचं काम. दिवस गेला. आधी पुढचा बंपर उतरला. एसीच्या जाळीपुढे कूलर बसवायचा होता. मुलगा म्हणाला, प्लॅस्टिकचे बंद जाळीतून आरपार ओवून बांधतो, सगळे तसंच करतात. ह्यांनी हात धरला. गाडीच्या हादऱ्याने ते बंद जाळीला घासतात आणि कधीतरी भोक पाडतात. मग पट्ट्या कापून, मध्ये रबर घालून कूलर स्वतंत्र टांगला. तोंडं खाली ठेवली तर हवा अडकते, म्हणून आडवी ठेवली.

पुढचा वाद नळीवरून. मुलाकडे पेट्रोलची नळी होती. गिअरबॉक्सचं तेल दाबाने येतं आणि कढत असतं, पेट्रोलच्या नळीचं ते काम नाही. त्यासाठीची वेगळी नळी रायपूरहून येईपर्यंत बंपर दोन दिवस आमच्या दिवाणखान्यात पहुडला होता. भिशीच्या बायका त्याच दिवशी आल्या, हे सांगायला नकोच.

मग परतीची नळी ओळखणं. रेडिएटरला तेलाच्या दोन नळ्या असतात, एक जाणारी, एक येणारी. थंड इंजिन क्षणभर चालू करून मुलाने दोन्हींना हात लावला. जी आधी कोमट झाली ती गिअरबॉक्समधून येणारी. दुसरी कापून कूलरला जोडली. नळी सायलेन्सरपासून लांब, कुठेही मुरगळा न पडू देता फिरवली. नवं तेल भरलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल, दुकानदार म्हणाला तसलं नव्हे. एकदा तळ रिकामा केला तरी कन्व्हर्टरमध्ये पुष्कळ जुनं तेल राहतं, म्हणून आठवडाभर चालवून पुन्हा बदललं. पातळी सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावरच मोजायची. रोज सकाळी पुठ्ठा सरकवून थेंब पडलाय का, हे बघायचं काम माझं. आठ दिवस पुठ्ठा कोरडा निघाला.

तापमान मोजायची बंदूक ह्यांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून आणली होती. घराभोवती अर्धा तास रखडत गाडी चालवून आले, तर कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीत पंधरा अंशांचा फरक! ह्यांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहिला. दुधाच्या हिशेबाशेजारी.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. डिंकाचे लाडू, जुन्या साड्यांच्या मऊ दुपट्यांचा गठ्ठा आणि मागच्या सीटवर तेलाचा एक जादा डबा. केशकालला ट्रक होतेच. दांडी मी 'डी'वरून '२'वर आणली. चढात गाडी दोन गिअरांमध्ये ये-जा करत राहिली की तेल उगाच तापतं, एका गिअरला धरून ठेवली की बरं. घाटात तेलिन सतीचं देऊळ आहे, ट्रकवाले तिथे थांबून नमस्कार करतात. आम्हीही थांबलो. नावातच तेल असलेल्या देवीला टाळून कसं चालेल? बोनेट उघडून वास घेतला. नुसता धुळीचा आणि महुआचा. संध्याकाळी दिवे लागायच्या आत लेकीच्या दारात होतो. नऊ दिवसांनी पहाटे तीनला तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा जावई रात्रपाळीला होते. गाडी मी काढली. नात झाली.

परत आल्यावर शेजारचे काका आले. त्यांच्याही गाडीला क्लचचं पेडल नाही; त्यांनाही असा कूलर हवा होता. ह्यांनी गाडी बघितली आणि मान हलवली. २०१४ सालापासून आपल्याकडे स्वस्त झालेला जो 'एएमटी' प्रकार, त्यातली ती. तिच्यात साधा कोरडा क्लचच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबतं. कन्व्हर्टर नाही, घुसळलं जाणारं तेल नाही, थंड काय करणार? सीव्हीटी असेल तरी कंपनीला विचारल्याशिवाय असला उद्योग करू नये, हेही ह्यांनी सांगितलं.

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?" काकांचा चेहरा पडला.

"चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. क्लच वाचेल."

काकांना हे फारसं पटलेलं दिसलं नाही. अजूनही सकाळी फिरायला जाताना ते आमच्या फाटकाशी थांबतात आणि बंपरच्या फटीतून आत डोकावून ती जाळी बघतात.