नवी पेठेत विसावा कोठे?

ज्या घरातील मुलगा वा मुलगी वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाला आहे, त्या घराला ‘थिसिस’ हा शब्द नवा नाही. ‘शहरातील सार्वजनिक जागा’ हा विषय ठरतो. अडते ते दिशेपाशी. चौक, कारंजी, कमानी यांची रेखाटने होतात. पण हे सारे कोणासाठी, हा प्रश्न तसाच राहतो. अशा विद्यार्थ्याने, आणि त्याच्यासोबत आपणही, सोलापूरच्या नवी पेठेत एक फेरी मारावी.

नवी पेठ ही सोलापूरकरांची खरेदीची पेठ. लग्नाचा बस्ता असो वा दिवाळीचे कपडे, पावले इकडेच वळतात. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये येते आणि तेव्हा येथील पारा चाळिशी ओलांडतो. दुकानांसमोर दुचाक्यांची रांग, मधून वाट काढणारी माणसे, हातांत पिशव्या. हे चित्र आपल्या परिचयाचे आहे.

आता हेच चित्र वैद्यकाच्या नजरेने पाहा. गुडघे झिजलेल्या आजोबांना शे-दोनशे पावलांवर टेकायला जागा हवी असते. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढविणारी गोळी घेणाऱ्याला स्वच्छतागृह जवळ हवे असते. आणि कितीतरी स्त्रिया, बाजारात अडचण नको म्हणून, घरून निघतानाच पाणी पिणे टाळतात. उन्हात हा संयम महागात पडतो. चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूतखडा यांना तो आमंत्रण देतो. शहराच्या रचनेतील उणीव अशी दवाखान्यापर्यंत चालत येते.

डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथात रस्त्यावरील वावराचे तीन प्रकार सांगितले : गरजेचा, हौसेचा आणि भेटीगाठींचा. जागा गैरसोयीची असली की गरजेचा वावर तेवढा उरतो. माणूस काम उरकून निघून जातो. याउलट याच शहरातील सिद्धेश्वर तलावाचा काठ पाहा. तेथे काहीही विकत न घेता निवांत बसता येते. म्हणूनच गप्पाही होतात आणि एकाकी वृद्धाला चार माणसेही भेटतात.

प्रबंधाची दिशा येथेच आहे. ‘नवी पेठ सुंदर कशी करावी?’ हा प्रश्न फार मोठा आणि फार मोघम. त्याऐवजी असे विचारावे : पासष्ट वर्षांची स्त्री वैशाखात नवी पेठेत दोन तास सुखरूप वावरू शकेल काय? रुग्णाची हकीकत ऐकल्याशिवाय औषध लिहू नये, तसेच पाहणीआधी नकाशा आखू नये. एक साधा दिवस, एक सुटीचा, एक लग्नसराईतला. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. सावली कोठे पडते, लोक कोठे टेकतात, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे मोजून लिहावे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी. ती प्रत्यक्षात किती आहे, तेही टेपने मोजावे. फेरीवाले व हमाल यांच्याशी बोलावे. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. त्यांना हटवून केलेली रचना अपुरीच ठरेल. एवढ्या नोंदींतून कदाचित भव्य चौक निघणार नाही. पण एक सावलीची पट्टी, काही बाके, पाण्याची सोय आणि स्वच्छ शौचालय यांची नेमकी जागा निघेल.

तोवर आपण काळजी घ्यावी. उन्हाळ्यातील खरेदी सकाळी किंवा सूर्यास्तानंतर करावी. पाणी सोबत ठेवून थोडे थोडे प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. पायांत गोळे, मळमळ वा चक्कर जाणवताच सावलीत बसावे. बोलणे असंबद्ध झाले वा शुद्ध हरपू लागली, तर उष्माघात समजून अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. आणि पुढच्या खेपेला पेठेत जाल तेव्हा बसण्याच्या जागा अवश्य मोजा. तो आकडा घरातील भावी वास्तुविशारदाच्या उपयोगी पडेल.