कुबूल

पाचगणीचा पावसाळा म्हणजे धुके आणि वारंवार जाणारी वीज. टेबललँडवर पर्यटक नाहीत, टॅक्सीवाल्यांना भाडे नाही. अशाच एका जुलैत आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या मुलाला घेऊन त्याचा बाप आमच्याकडे आला. बाप टॅक्सी चालवतो. त्याच्या मोबाईलवरून मुलाने एका गेममध्ये थोडे थोडे करत 1,800 रुपये भरले होते. खोट्या बंदुका, खोटे पोशाख. पैसे मात्र खरे. एके सकाळी खाते बंद. विचारले तर इंग्रजीत उत्तर आले, अटी पाहा.

"मास्तर, तुम्हीच वाचून सांगा," बाप म्हणाला.

आम्ही वाचायला बसलो. अंगठा दुखला पण अटी संपेनात. विकत घेतलेले तुमचे नाही, तो फक्त वापरायचा परवाना. तो कंपनी केव्हाही, कारण न सांगता काढून घेईल. पैसे परत नाहीत. तक्रार असेल तर परदेशातल्या लवादापुढे जा. खेळणारा अज्ञान असेल तर पालकाने सारे वाचून संमती दिली, असे गृहीत! बापाने त्यातली एक ओळ पाहिलेली नव्हती. खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या फोनमधल्या अटी आम्ही तरी कुठे वाचल्यात?

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, कुबूल तो मैंने ही किया ना?"

हा शब्द आम्हाला टोचला. निकाहात वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात, नवऱ्याचे नाव आणि मेहरची रक्कम सांगतात, मग विचारतात. रक्कम नीट ऐकू आली नाही म्हणून पुन्हा सांगायला लावणारी आजी आम्ही आमच्या मोहल्ल्यात पाहिली आहे. इथे विचारणारा कोणी नाही, घासाघीस नाही. एक बटन, दाबा किंवा निघा.

कायदा इतका मुका नाही. 1872च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलगा करार करूच शकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरी बीबी खटल्यात तसा करार मुळातच रद्दबातल ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने, साडी हरवणाऱ्या लाँड्रीला पावतीवर छापलेल्या अटीमागे लपू दिले नाही. लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला ग्राहक न्यायालयाची दारे बंद होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली आफताब सिंग प्रकरणात मान्य केले. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'अनुचित करार' अशी व्याख्याच आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क त्यात स्पष्ट बसतो.

मग अडते कुठे? राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. सेवेतल्या त्रुटीची दाद साताऱ्याचा जिल्हा आयोग देईल. पण अटच अन्यायी आहे, ती रद्द करा, असे म्हणायचे तर थेट राज्य आयोग गाठावा लागतो. 1,800 रुपयांसाठी कोण गाठणार? हे त्या अटी लिहिणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि साताऱ्यासाठी मराठीत अर्ज लिहिला. सहीसाठी पुढे केला, तर बापाने पेन हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"पहिल्यापासून वाचा मास्तर," तो म्हणाला. आम्ही वाचला. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मग उर्दूत सावकाश सही केली.