कलांचो, खोकं आणि तिसरी पाळी

मंडळी, या शनिवारी कोडिंग नाही, अप्रेझल नाही, लोकलची गर्दीसुद्धा नाही. या शनिवारी कुंडी.

चाळीत राहून झाडं लावायची म्हणजे आधी जागेचं गणित सोडवायचं. लालबागची आमची खोली दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, बाहेर कॉमन गॅलरी. गॅलरीच्या कठड्याला एक लोखंडी ग्रिलचा पिंजरा लावलाय, तेवढीच आपली शेतजमीन. :) गुलाबाला एवढ्यात भागत नाही, मोगऱ्याला हातपाय पसरायला लागतात. शिवाय आठवड्याचे पाच दिवस झाडाकडे बघायला वेळ नसतो. अशा माणसासाठी देवाने सक्युलंट केलेत. जाड, मांसल पानांची झाडं. पाणी स्वतःच साठवून ठेवतात, चार दिवस विसरलात तरी तक्रार नाही.

आणि सक्युलंट म्हणजे नुसती हिरवी शोपीस नव्हेत बरं का. फुलतातही. पिंजऱ्यात सध्या चार मेंबर आहेत.

पहिला चिनी गुलाब, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. दहाच्या सुमारास उघडतो, दुपारनंतर मिटतो. माझ्यापेक्षा शिस्तीचा. दुसरा क्राऊन ऑफ थॉर्न्स, काट्यांच्या काठीवर लालचुटुक फुलं, जवळजवळ बारा महिने. तिसरी पानफुटी. पान मातीवर टाकलं की कडेने पिल्लं फुटतात, हे तुम्ही शाळेत केलंच असेल. हिवाळ्यात तिला कंदिलासारखी लोंबती फुलं येतात. आणि चौथा, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, तो कलांचो. पूर्ण नाव कलांचो ब्लॉसफेल्डियाना. मूळचा मादागास्करचा. जर्मनीत पॉट्सडॅमला ब्लॉसफेल्ड नावाचा नर्सरीवाला होता, त्याने १९३२ मध्ये तो बाजारात आणला, म्हणून हे नाव. आज थंडीच्या दिवसांत रोपांच्या हातगाडीवर लाल, पिवळ्या, केशरी बारीक फुलांचे गुच्छ दिसतात ना, तोच हा. दुहेरी पाकळ्यांचा असला की माळी त्याला कॅलंडिवा म्हणतो आणि पन्नास रुपये जास्त लावतो.

आधी काळजी कशी घ्यायची ते सांगून टाकतो, म्हणजे नंतर गप्पा मारायला मोकळा. लाल माती, जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे आणि शेणखत, तिन्ही सारखं. कुंडीला खाली भोक हवंच. बोट दोन पेरं आत घालायचं, माती कोरडी लागली तरच पाणी. सकाळचं कोवळं ऊन चालतं, मे महिन्यातलं दुपारचं नाही. आणि मुंबईत खरा शत्रू ऊन नाहीच, पाऊस आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं चार महिन्यांत. म्हणून जूनमध्ये कुंडी आत, पागोळीपासून लांब. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढायचा. फुलं सुकली की दांडा कापायचा. चाळीत मांजरं असतील तर झाड उंचावर ठेवा, कलांचोतली द्रव्यं त्यांच्या हृदयाला घातक असतात.

झालं. आता मजा.

तुमचंआमचं झाड दिवसा पानांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं. पण उन्हात छिद्रं उघडली की पाणी उडून जाणार. कोरड्या मुलखात वाढलेल्या कलांचोला हे परवडत नाही. म्हणून तो दिवसा छिद्रं मिटून बसतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतो, हिरव्या सफरचंदाला आंबटपणा येतो तेच ॲसिड. सकाळी ऊन आलं की दारं बंद करून त्या साठ्याचं अन्न बनवतो. रात्री डेटा गोळा करायचा, दिवसा प्रोसेस करायचा. आपल्या भाषेत बॅच जॉब!

याला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात कॅम म्हणतात. आणि यातली एक जुनी नोंद भारतातली आहे. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ इथे काम करायचा. त्याला आढळलं की पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. १८१३ मध्ये त्याने हे पत्राने इंग्लंडला कळवलं. (तुम्ही चावून बघू नका, हेनने बघितलंय तेवढं पुरे.)

म्हणजे हे झाड नाईट शिफ्टवालं. पण त्याची नाईट शिफ्ट आणि आपली नाईट शिफ्ट यात एक मोठा फरक आहे. त्याला अंधार लागतो.

आमच्या कलांचोला पहिल्या वर्षी फुलं आली ती नर्सरीतूनच घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी पानं टवटवीत, फुलं शून्य. शेजारच्या काकू म्हणाल्या, खत घाल. माळी म्हणाला, नवीन घ्या. पण कारण कुंडीत नव्हतंच, वर होतं. कलांचो हे पुस्तकी भाषेत 'शॉर्ट डे' झाड आहे, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं. नाव जरा फसवं आहे, कारण झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशाच स्वभावाच्या एका काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केला. लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला आणि झाड फुललंच नाही. कलांचोचंही असंच. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, अंधारात ते हळूहळू बदलत जातं, प्रकाश पडला की परत पहिल्यासारखं. टायमर रीसेट. सलग तेरा-चौदा तास काळोख, तोही पाच-सहा आठवडे रोज, तेव्हा कुठे झाडाला कळ्या धरायचा निरोप जातो.

आता मला सांगा, लालबागमध्ये सलग चौदा तास काळोख आणायचा कुठून?

तसं बघितलं तर निसर्गाने मुंबईला बरं माप दिलंय. डिसेंबरमध्ये इथली रात्र तेरा तासांची असते. पण सप्टेंबरनंतर रात्री मोठ्या व्हायला लागतात तेव्हाच आमच्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळीचं लाइटिंग ओळीने लागतं. गॅलरीतला बल्ब रात्रभर चालू. समोर एलईडीचा खांब. आणि घरात आमचा ट्यूबलाईट, कारण साडेदहाला माझा अमेरिकेचा कॉल सुरू होतो तो एकपर्यंत चालतो.

या भागाला रात्रीचा उजेड नवा नाही म्हणा. पूर्वी अंधार पडला की गिरणी थांबवावी लागायची. विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास मुंबईतल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुष कामगारांचे तास बारावर आणले. मग पाळ्या आल्या. माझे आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपापर्यंत. तिसऱ्या पाळीला असले की सकाळी घरी येऊन झोपायचे. आजी सांगायची, त्या आठवड्यात खिडकीवर सोलापुरी चादर टांगायची, पोरांना गॅलरीत पिटाळायचं आणि भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. दहा बाय बारामध्ये त्यांच्यासाठी रात्र तयार करायची. गिरण्यांच्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत, त्यातल्याच एकीत माझं ऑफिस. पाळी गेली, शिफ्ट आली.

तर उपाय म्हणून मी मिक्सरचं रिकामं खोकं आणलं. फटींना काळी टेप. नोव्हेंबरच्या एक तारखेपासून रोज संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं. सहाला मी ऑफिसात असतो, म्हणून संध्याकाळचं काम आईकडे. ती देवापाशी दिवा लावायची आणि झाडावर खोकं घालायची. सहा आठवड्यांत एकदाही चुकली नाही.

एका रात्री कॉल संपवून लॅपटॉप मिटला तर आई जागीच. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून झोपते, मला वाटायचं सवय आहे. म्हणाली, "पुढच्या वेळी खोकं आणशील तर मोठं आण रे. मी पण बसते आत."

हसत म्हणाली. मीही हसलो. पण झोप माझीही गेली.

माझ्या नाईट अलाउन्सचे महिन्याला आठ हजार येतात. आईच्या गुडघ्याची फिजिओथेरपी त्यातूनच होते. म्हणजे तिचे गुडघे बरे व्हावेत म्हणून ट्यूबलाईट चालू आणि ट्यूबलाईट चालू म्हणून तिला झोप नाही. या लूपमधून बाहेर पडायची कंडिशन मला बरेच दिवस सापडत नव्हती. जानेवारीत मॅनेजरला दिवसाच्या टीमसाठी मेल टाकली. अलाउन्स जाईल, हे आईला आधीच सांगितलं. ती म्हणाली, "फिजिओवाल्याने शिकवलेत ते व्यायाम घरी करीन. तू मेल पाठव." मॅनेजर 'बघू' म्हणालाय. आयटीत बघूचा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीत आहेच. तोवर रात्री ट्यूबलाईट बंद, एक छोटा टेबल लॅम्प, तोही भिंतीकडे तोंड करून.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दिवस मागून घ्यावा लागला होता, रात्रही कदाचित मागूनच घ्यावी लागेल.

कलांचोचं म्हणाल तर डिसेंबरच्या मध्यात खोकं काढलं. जानेवारीत पानांच्या मधून हिरव्या कळ्यांचा गुच्छ वर आला आणि फेब्रुवारीत फुलला. केशरी. काकूंनी विचारलं, कुठलं खत घातलंस? आईने उत्तर दिलं, "अंधार."

फुलं संपली की फांद्यांचे चार बोटं लांबीचे तुकडे कापणार आहे. दोन दिवस सावलीत सुकवून रेतीत खोचले की मुळं धरतात. काकूंना एक कबूल केलंय. सोबत खोकंही द्यावं लागेल.