इंजिन गरम, रेडिएटर गार

आमच्या होस्टेलमध्ये कुणाचा पीसी बंद पडला की पहिली हाक मला येते. "डॉक्टर आहे का रे रूमवर?" मग डॉक्टर हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, पायात स्लीपर अडकवून व्हिजिटला निघतात. फी ठरलेली आहे, एक कटिंग. विंडोज उडालेलं असो, रॅम सैल झालेली असो की पंख्यात झुरळ अडकलेलं असो, आजवर एकही पेशंट हातचा गेला नाही अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती किती खरी आहे हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलोय. मित्रांनो, वाचून झाल्यावर कटिंग पाजणं बंद करू नका एवढीच विनंती.

आमचं घर दिंडोशीला, नागरी निवारामध्ये. मृणालताई गोरेंच्या पुढाकाराने सामान्य माणसांसाठी जी वसाहत उभी राहिली, त्यात आजोबांना घर मिळालं. मागच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. बाबा बेस्टच्या दिंडोशी डेपोत मेकॅनिक आहेत. आणि धाकटा भाऊ पिंट्या बारावी करून अ‍ॅनिमेशनच्या मागे लागलाय. फिल्मसिटी हाकेच्या अंतरावर असल्याचा परिणाम, असं आई म्हणते.

पिंट्याला अ‍ॅडमिशनच्या मुलाखतीला स्वतः केलेली एक छोटी फिल्म दाखवायची होती. जुन्या लॅपटॉपवर ते शक्यच नव्हतं. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं. मशीनची यादी मी केली: कोअर आय-७ १२७००के प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. सगळं मिळून दीड लाखाच्या वर. बाबांनी यादी दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, "पुन्हा पाच वर्षं काही घ्यायला लागणार नाही ना?" मी म्हटलं, "बाबा, हा हत्ती आहे."

लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग आणले. दुकानदार म्हणाला, जोडून देतो. मी म्हटलं, "जोडायला मी आहे ना." दोनशे-चारशे वाचवायचे नव्हते, खरी गोष्ट आहे शायनिंग मारायची. रात्री दोन वाजता मशीन सुरू झालं, लाल-निळे दिवे लागले, आईने हळद-कुंकू वाहिलं आणि मी होस्टेलला परत आलो.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा पहिलं काम केलं ते 'सायबरपंक २०७७' टाकायचं. मेन्यूत सगळं झकास. शहराच्या रस्त्यावर उतरलो, गर्दी आली आणि अर्ध्या मिनिटात गाडी रुतली. कोपऱ्यातला आकडा ३०-३५ फ्रेम दाखवत होता, मध्येच १२. दीड लाखाचा हत्ती लंगडत होता.

आता कुणी म्हणेल, सिनेमा तर सेकंदाला २४ फ्रेमवरच चालतो, मग ३० ला काय झालं? पण कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये हालचालीचा थोडा पुसटपणा टिपतो, म्हणून डोळा फसतो. शिवाय सिनेमात आपण फक्त बघतो. गेममध्ये माऊस हलवला की चित्र त्याच क्षणी हलायला लागतं. ६० फ्रेम म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. आणि नुसती सरासरी बघून उपयोग नाही. दिंडोशीच्या स्टॉपवर उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तासात सहा बस आल्या म्हणजे कागदावर दर दहा मिनिटाला एक. प्रत्यक्षात चाळीस मिनिटं एकही नाही आणि मग चार एकामागे एक. फ्रेमचंही तसंच आहे. एका सेकंदात ६० आल्या, पण त्यातली एक अर्धा सेकंद अडकून बसली, तर सरासरी ६० च दिसते आणि आपल्याला मात्र झटका जाणवतो.

तर डॉक्टरांनी उपचार सुरू केले. ड्रायव्हर काढून नवा टाकला. फरक शून्य. मॉनिटरची केबल मदरबोर्डला तर लावली नाही ना ते पाहिलं (हा गाढवपणा बरेच जण करतात), ती कार्डलाच होती. मॉनिटर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झवर राहिला होता, तो १४४ वर नेला. बायोसमध्ये रॅम २१३३ वर चालत होती, एक्सएमपी चालू करून ३२०० केली. दोन-तीन फ्रेम वाढल्या. मी लगेच टाळी वाजवली, पण पुन्हा शहरात गेलो तर तेच रडगाणं.

मग कार्डाकडे पाहिलं. तापमान ५२ अंश, म्हणजे मस्त. पण वापर फक्त ४० टक्के! गेम अडखळतोय आणि कार्ड निवांत बसलंय. तेव्हा मी निष्कर्ष काढला की कार्ड खराब आहे. दुकानदाराला फोन लावून तावातावाने बोललो. तो शांतपणे म्हणाला, "भाई, कार्ड को छोडो, पहले सीपीयू का टेम्परेचर देखो." मला वाटलं टाळतोय. फोन ठेवला.

खरं तर कार्ड ४० टक्क्यांवर निवांत आहे याचा अर्थ सरळ होता. कार्डाला काम देणारा प्रोसेसर मागे पडतोय. चपात्या लाटणाऱ्याचा हात मंदावला की भाजणारा रिकामाच बसणार, त्याच्या तव्याला दोष देऊन काय उपयोग? पण तेव्हा डोक्यात कार्डच बसलं होतं.

रात्री जेवताना पिंट्या म्हणाला, "दादा, माझं पाण्याचं सिम्युलेशन पण खूप स्लो होतं. रात्रभर लावून ठेवतो तरी होत नाही. आणि पंखा सारखा बोंबलतो." मी म्हटलं, "तू काय काय डाऊनलोड करून ठेवलंयस त्यात? व्हायरस असणार." तो म्हणाला, "मी ब्लेंडर सोडून काही टाकलेलंच नाही." मी हसलो. मोठ्या भावाचं हसू किती वाईट असतं ते धाकट्यालाच विचारावं.

दुसऱ्या दिवशी तो क्लासला गेला असताना मी मशीन फॉरमॅट केलं. सगळं उडवून नवीन विंडोज टाकलं.

तासाभराने गेम लावला. ३२ फ्रेम.

दुपारी पिंट्या आला. मशीनसमोर बसला, दोन मिनिटं काहीतरी शोधलं, आणि मग विचारलं, "दादा, डेस्कटॉपवरचा 'बस' फोल्डर कुठंय?"

त्याची फिल्म होती ती. पावसात दिंडोशीच्या चढावर निघालेली लाल बस, चाकाखालून उडणारं पाणी. ४० सेकंदांची, सेकंदाला २४ प्रमाणे ९६० फ्रेम. तीन आठवड्यांचं काम. पेन ड्राइव्हवर दहा दिवसांपूर्वीची कॉपी होती, त्यात नुसती बस होती, पाऊस नव्हता. मी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं, पण जुन्या हार्डडिस्कसारखं एसएसडीचं नसतं. फॉरमॅट करताना ट्रिम नावाची आज्ञा जाते, रिकामे झालेले कप्पे ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते. काही मिळालं नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, तोंड धुतलं आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईने काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही" म्हणाला.

त्याच संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले. मी मशीनचं झाकण काढून जमिनीवर बसलो होतो. एव्हाना शरमेने का होईना, प्रोसेसरचं तापमान बघितलं होतं. १०० अंश! १०० ही या प्रोसेसरची मर्यादा आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. ४.७ गिगाहर्ट्झवर पळणारा दोनच्या आसपास येऊन रांगत होता. मी बाबांना म्हटलं, "मुंबईचा मे महिना, रूममध्ये ३४ डिग्री, कूलर कमी पडतोय. मोठा घ्यावा लागेल. सात-आठ हजार."

बाबा काही बोलले नाहीत. खाली बसले. "चालू कर बघू तो गेम." मी केला. आकडा १०० ला टेकला. बाबांनी कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं, मग तांब्याच्या नळ्यांना, मग मागून येणाऱ्या हवेत तळहात धरला.

"हे तर गारच आहे," ते म्हणाले. "इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार. म्हणजे रेडिएटर लहान नाहीये, पाणीच त्याच्यापर्यंत येत नाहीये. आमच्याकडे अशी गाडी आली की आम्ही आधी थर्मोस्टॅट बघतो, पंप बघतो. मधे काय अडकलंय ते बघ."

मी मेकॅनिकल थर्ड इयर. हीट ट्रान्स्फरला ७१ मार्क. मला हे सुचलं नव्हतं.

मशीन बंद केलं, कूलरचे चार स्क्रू काढले आणि तो उचलला. कूलरच्या चकचकीत तांब्यावर एक पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली होती. तिच्यावर स्पष्ट लिहिलं होतं, लावण्याआधी काढा. रात्री दोनच्या शायनिंगमध्ये मी ती काढलीच नव्हती. थर्मल पेस्ट तिच्यावरच थापली होती.

गणित आवडणाऱ्यांसाठी अंदाजे हिशोब देतो. तांब्याची उष्णता-वाहकता सुमारे ४००, साध्या प्लास्टिकची ०.२ च्या आसपास. फिल्म ०.१ मिलिमीटर जाडीची धरा आणि प्रोसेसरच्या टोपीचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर. जाडी भागिले वाहकता गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे दर वॅटला ०.५ अंश. गेममध्ये प्रोसेसर १२० वॅट खातोय असं मानलं तर त्या कागदासारख्या पापुद्र्यापायी ६० अंशांचा फरक! कूलर ४५ वर असला तर खाली १०५ व्हायला हवेत. १०० लाच ब्रेक लागतो म्हणून प्रोसेसर जिवंत राहिला.

उष्णतेपुढे मोठमोठ्यांनी हात टेकलेत म्हणा. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. नुसता वेग वाढवत गेलं की वीज आणि उष्णता आवरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं आणि एका चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर घालायचा मार्ग धरला गेला. पण ती फिजिक्सची अडचण होती. माझी अडचण वेगळीच होती.

फिल्म सोलली, जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, कूलर बसवला. त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत ७० अंश आणि ११० फ्रेम. खर्च शून्य. बाबा म्हणाले, "झालं ना? मग जेवायला चल." पिंट्या दारात उभा राहून बघत होता. आत आला नाही.

नंतर हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, तीन माणसांनी मला योग्य जागा दाखवली होती. पिंट्याने सांगितलं की गेमच नाही, सिम्युलेशनही स्लो आहे आणि पंखा बोंबलतो. पाण्याचं ते गणित प्रोसेसरवर चालतं, म्हणजे निदान तिथेच झालं होतं. दुकानदाराने तर सरळ नाव घेऊन सांगितलं. आणि बाबांनी, ज्यांना फ्रेम रेट म्हणजे काय ते ठाऊक नाही, बोट लावून सांगितलं. ऐकलं शेवटच्याचं, तेही वाट उरली नव्हती म्हणून. दुकानदाराला मी फोन करून सॉरी म्हटलं. तो हसला, म्हणाला, "होता है."

पिंट्याला सॉरी म्हणायला मला चार दिवस लागले. तो म्हणाला, "ठीक आहे दादा." तेवढंच. मग रोज रात्री त्याच्या शेजारी बसायला लागलो. मला ब्लेंडर येत नाही. मी चहा करायचो आणि दर रात्री त्याच्या कामाच्या दोन कॉपी वेगवेगळ्या ड्राइव्हवर टाकायचो. पाण्याचं सिम्युलेशन आता रात्रभर न लावता पुरं होत होतं. तरी दिवस कमी पडले. ४० सेकंदांची फिल्म २२ सेकंदांचीच झाली. बस चढावर निघते, पाणी उडतं आणि वळणाआधीच संपते.

मुलाखतीत त्याला विचारलं म्हणे, "इतकी छोटी का?" त्याने सांगितलं, "मशीन बिघडलं होतं सर." माझं नाव घेतलं नाही. हे मला त्याने नाही, त्याच्या मित्राने सांगितलं. अ‍ॅडमिशन झाली. पण ते १८ सेकंद मी अजून त्याला देणं लागतो.

तेव्हा मित्रांनो, तुमचं महागडं मशीन रडायला लागलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचं तापमान आणि वापर बघा. कार्ड रिकामं बसलं असेल तर प्रोसेसरकडे वळा. आकडा गरम आणि कूलर गार असेल तर मधे काय आहे ते उघडून बघा. आणि फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा उपाय, तोसुद्धा मशीन वापरणाऱ्याला विचारून, त्याच्या समोर.

डॉक्टरांची ओपीडी अजून चालू आहे. फी तीच, एक कटिंग. फक्त आता स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढायच्या आधी डॉक्टर खाली बसतात आणि पेशंटच्या मालकाचं ऐकून घेतात.