बैलांच्या वाट्याचा हुलगा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या वाटचालीवर लेख मागितला होता. त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहू शकतील अशी मंडळी याच अंकात आहेत. मी लिहिणार आहे ते एका कडधान्याविषयी आणि ते शिजवण्याच्या एका रीतीविषयी. इतिहासाच्या शिक्षकाने स्वयंपाकावर लिहावे याचे ज्या माजी विद्यार्थ्यांना हसू येईल, त्यांना एवढेच सांगतो, की बुधवारी संध्याकाळी भोजनगृहात भाकरीबरोबर जे घट्ट, तांबूस आणि लोण्यासारखे मऊ तुम्ही वाढून घेत होता, त्याचीच ही हकीकत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचे उरलेसुरले दात गेले. वय ऐंशीच्या घरात. कवळी बसवली; ती तिने चार दिवस वापरली आणि रुमालात बांधून ट्रंकेत ठेवून दिली. दुधात कुस्करलेल्या भाकरीवर काही दिवस निघाले, मग तेही कमी होत गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आजार काही नाही, पोटात प्रथिने जात नाहीत. आणि एका पावडरीचा डबा लिहून दिला. पावडर घातलेले ते दूध आईने एकदाच तोंडाला लावले. "ह्याला खडूचा वास येतुय," म्हणाली. तीस वर्षे खडू धरलेल्या मुलाला यावर काय बोलता येणार? पत्नी त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. घरात आम्ही दोघेच. आई बाजेवरून म्हणाली, "हुलगा घोट. जमंल का तुला?"

जमत नव्हते. पण बाजेवर बसून ती सांगत गेली आणि मी करीत गेलो. आधी एक वाटी हुलगा ताटात पसरून निवडायचा, कारण हुलग्याच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे त्यात हमखास असतात. ज्याला दात नाहीत त्याच्या तोंडी खडा लागत नाही असे नाही. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर तो भाजायचा. घाई केली तर वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. दाणे तडतडू लागले, खमंग वास सुटला आणि रंग एक छटा गडद झाला की उतरवायचा. गार झाल्यावर जात्यावर भरडायचा. जाते आमच्याकडे आता दाराबाहेर पायरीसारखे पडून आहे, म्हणून मी मिक्सर दोनदा नुसता फिरवून थांबवला. त्यानंतरचे काम सुपाचे, आणि तिथे माझी खरी परीक्षा झाली. टरफल उडायला हवे आणि डाळ सुपात राहायला हवी; माझी निम्मी डाळ अंगणात गेली. कोंबड्यांची चंगळ झाली. आईने शेवटी सूप स्वतःच्या मांडीवर ओढून घेतले आणि बसल्या जागी मनगटाच्या चार झटक्यांत काम संपवले.

टरफल काढण्याला कारण आहे. अख्खा हुलगा कितीही शिजवला तरी त्याचे साल जिभेला खरखरीत लागते. सोललेली डाळच लोण्यासारखी होते. ती धुऊन तीन-चार तास भिजवायची, तिप्पट पाणी घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या द्यायच्या आणि गरम असतानाच रवीने घोटायची. वरचे पाणी आधी काढून ठेवावे आणि लागेल तसे परत घालावे. निवाल्यावर हे मिश्रण दगडासारखे बसते, तेव्हा चुलीवरून उतरवताना हवे त्यापेक्षा थोडे सैलच ठेवायचे. दुसरीकडे दोन चमचे भाजलेले तीळ, पाच-सहा पाकळ्या लसूण, जिरे आणि मीठ पाट्यावर अगदी मऊ वाटायचे. हे वाटण आणि थोडा चिंचेचा कोळ घालून पुन्हा घोटायचे. वरून करडईच्या तेलाची धार. आईसाठी तिखट नाही. ज्यांना दात आहेत त्यांनी लाल मिरचीची फोडणी घ्यावी. भाकरीचा पापुद्रा त्यात बुडवून खाल्ला की वेगळे कालवण लागत नाही.

पहिला चमचा तोंडात घेऊन आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डबा तू धुऊन दिला व्हतास."

ती कशाविषयी बोलते आहे हे मला तत्क्षणी कळले. त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचे गाव. जमीन बरड, मुरमाड. चांगल्या जमिनी चांगल्या लोकांकडे होत्या. आमच्याकडे जे होते त्यात बाजरीच्या जोडीने हुलगाच येई. पाऊस ओढ देवो, हुलगा तग धरी. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या वाढतच गेल्या आणि आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाडी जुंपून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जाऊ लागले. गाडीत संसार, आणि संसारात एक पोते हुलग्याचे. ते बैलांसाठी. उसाने भरलेली गाडी ओढायची तर बैलाला नुसत्या वाढ्यांवर भागत नाही. रात्री हुलगा उकडून त्यांच्यापुढे ठेवावा लागे. त्यातला ओंजळभर आमच्याही पातेल्यात येई. माणसाने बैलाच्या घासात वाटा मागावा की बैलाने माणसाच्या, हा प्रश्न फडावर कोणी विचारीत नसे.

मला शिकायचे होते म्हणून मला तालुक्याच्या एका वसतिगृहात ठेवले. सहावीत होतो. हंगाम संपून गाड्या परत निघाल्या, तेव्हा रस्त्यात गाडी थांबवून आई मला भेटायला आली. जर्मनच्या डब्यात घोटलेला हुलगा आणि फडक्यात भाकरी. ती गेल्यावर डबा उघडला, आणि मागून एक मुलगा म्हणाला, "अरे, हे तर बैलाचं!" सगळे हसले, त्यांत आमच्या समाजातली मुलेही होती. मी डबा घेऊन मागच्या बाभळीखाली गेलो आणि ओतून दिला. हापशावर डबा घासून लख्ख धुतला. दुसऱ्या दिवशी गाड्या निघण्यापूर्वी आई डबा न्यायला आली. "खाल्लंस का?" तिने विचारले. मी "हो, समद्यांनी मिळून खाल्लं" असे सांगितले. ती डब्याकडे बघत राहिली आणि गेली.

हुलग्याचा डबा कोणी धुऊन देत नाही. तो भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतात. हे तिला तेव्हाच उमगले होते. मला तिने ते सांगितले दोन वर्षांपूर्वी. मी खाली बघत बसलो. "मीठ घाल जरासं," एवढेच ती पुढे म्हणाली.

इतिहास विषयात एम. ए. झाल्यावर हुलगा मला पुन्हा भेटला तो पुस्तकात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीतून जे जळके दाणे मिळाले, त्यांत हुलगाही आहे. आजच्या बहुतेकांच्या ताटापेक्षा त्याची वंशावळ जुनी. आणखी एक गोष्ट मी नववीच्या मुलांना आवर्जून सांगत आलो. छांदोग्य उपनिषदात उषस्ती नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. कुरूंच्या देशात पिके नष्ट होऊन उपासमार सुरू असताना तो एका हत्तीवाल्याकडे अन्न मागतो. हत्तीवाला कुल्माष खात असतो. तेच उष्टे तो देतो आणि उषस्ती ते घेतो. पण हत्तीवाला पाणी देऊ लागतो तेव्हा उषस्ती नको म्हणतो, ते उष्टे आहे म्हणून. कुल्माष खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मात्र कुठेही मिळेल, असा त्याचा युक्तिवाद. (कुल्माष म्हणजे हुलगा नव्हे, हुलगा तो कुलत्थ. शंकराचार्य कुल्माषाचा अर्थ हलक्या प्रतीचे उडीद असा लावतात, आणि पालीतला 'कुम्मास' हा त्याच शब्दाचा भाऊ.) एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, भुकेला चाललं ते तहानेला का नाही चाललं?" मी फळ्यावर 20 मार्च 1927 एवढीच तारीख लिहिली. चवदार तळे शिकवायला मला त्याहून चांगली सुरुवात कधी मिळाली नाही.

आता बुधवारच्या जेवणाविषयी. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. पाठोपाठ दुष्काळ, 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि आमच्या भोजनगृहातल्या वरणातून डाळ शोधावी लागत होती. मी सभेत हुलग्याचा प्रस्ताव मांडला. 100 ग्रॅम कोरड्या हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, लोह असते. ज्वारीत लायसिन हा घटक कमी, तो कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे कमी ते ज्वारीत आहे. म्हणून भाकरी आणि हुलगा एकत्र खाल्ले की शरीराला दोन्हींचा उपयोग अधिक होतो. हे सगळे मी पालक सभेत आकड्यांसह सांगितले. सगळ्यांनी ऐकून घेतले. मग मागून एक पालक उठले. ऊसतोडीचेच.

"सर, आमी बैलासंगं राबतो, ते लेकराला बैलाचं खाऊ घालायला न्हाई."

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा असे सांगितले; त्यानंतर आमच्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते सोडले. कोणते अन्न ताटात येते यावर माणसाची पायरी ठरवली जात होती, हे त्या पालकाला पुस्तक न वाचता ठाऊक होते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक त्याच सुमारास आले होते. ते वाचून मी बरेच शहाणपण सभेत घेऊन गेलो होतो, आणि ते तिथे अपुरे पडले.

मी एवढेच म्हणालो, "दादा, घोडा हरभरा खातो. मराठ्यांच्या घोड्यांना हरभऱ्याची चंदी असे. तरी हरभऱ्याची डाळ पुरणात जाऊन बसली. हुलग्यालाच बैलाचं का म्हणायचं?" ते म्हणाले, "पुरण करणाऱ्यास्नी इचारा." सभेत हशा पिकला आणि तो माझ्यावर होता.

शेवटी ठरले ते असे, की हुलगा आठवड्यातून एकदाच करायचा, सक्ती नाही, आणि शिक्षकांनी मुलांच्या पंगतीत बसून तोच खायचा. स्वयंपाकाच्या मावशींचा विरोध वेगळ्याच कारणाने होता: सव्वाशे मुलांसाठी टरफल कोण पाखडणार? मोठ्या मुलांच्या पाळ्या लावल्या. पहिल्या बुधवारी अर्धी ताटे तशीच परत आली. तीळ वाढवले, चिंच कमी केली, लसणाची फोडणी वरून दिली. महिनाभरात पातेले रिकामे होऊ लागले. त्या पालकांची मुलगी खात असे. ते स्वतः मेळाव्याला यायचे, पण हुलगा त्यांनी पानात कधी वाढून घेतला नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

अलीकडे पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. कार्यालयातल्या मित्रांबरोबर त्याने 'हमस' खाल्ले होते. "सर, हे तर आपलं बुधवारचं!" तो उत्साहाने सांगत होता. त्याचे बरोबरच होते. हमस म्हणजे अरबीत हरभरा. शिजवून घोटलेला हरभरा, वाटलेले तीळ, लसूण, लिंबू, वरून तेल. लेबनॉनपासून इजिप्तपर्यंत रोटीने पुसून खातात. मी विचारले, "मित्रांना हुलग्याचं सांगितलंस का?" थोडा वेळ तो गप्प राहिला. "नाही सर, ते सांगायचं राहिलं," म्हणाला. मी पुढे विचारले नाही. धुतलेल्या डब्याविषयी त्याला तेव्हा सांगायला हवे होते. ते मी इथे सांगतो आहे.

आई आता दिवसातून दोन वेळा अर्धी वाटी खाते. वजन थोडे वाढले आहे. माझे पाखडणे अजून तिला पसंत नाही. गावाकडे सोयाबीन आणि कापसापुढे हुलगा पेरणारे थोडे उरले, त्यामुळे आठवडी बाजारात तो मिळेलच याची खात्री नसते. दिसला की मी पाच-दहा किलो घेऊन ठेवतो.

स्नेहमेळाव्याच्या जेवणासाठी चाळीस किलोची जुळवाजुळव झाली आहे. भाजणे आणि भरडणे आदल्या दिवशी सकाळी सुरू होईल. ज्यांना आदल्या दिवशी येता येईल त्यांनी यावे, आणि घरी सूप असेल तर बरोबर आणावे. शाळेत दोनच आहेत.